कामाच्या दिवसातली तीस मिनिटं: कार्यालयं चालवणाऱ्यांना खुलं पत्र

कामाचे तास आणि मीटिंगा ठरवणाऱ्या सर्व व्यवस्थापकांना, विभागप्रमुखांना आणि मनुष्यबळ विभागातल्या अधिकाऱ्यांना,

सप्रेम नमस्कार.

हे पत्र कुठल्या एका कार्यालयाला उद्देशून नाही. ज्यांच्या एका इन्व्हाइटने दहा जणांची दुपार ठरते, ज्यांनी ‘जाण्याआधी जरा एवढं बघून दे’ म्हटलं की समोरचा माणूस पुढचा तासभर खुर्चीतून उठत नाही, अशा तुम्हा सगळ्यांना मी लिहिते आहे. माझं कामही बैठंच आहे. बरोबर काम करणाऱ्यांच्या तोंडून वर्षानुवर्षं तेच ऐकते: कंबर धरलीय, मान वळत नाही, संध्याकाळी पाय सुजतात, तपासणीत साखर वाढलेली निघाली, डॉक्टर म्हणतात चाला. आणि शेवटी, ‘पण वेळच मिळत नाही.’

या शेवटच्या वाक्यावर कुणाचाच विश्वास नसतो. बोलणारा स्वतःही ते ओशाळूनच बोलतो. ज्याला करायचं असतं त्याला वेळ सापडतोच, हे आपल्या सगळ्यांच्या मनात पक्कं बसलेलं आहे. मला मात्र वाटतं, बैठं काम करणाऱ्या बहुतेकांच्या बाबतीत ते वाक्य अक्षरशः खरं आहे. त्यांच्या जागेपणीचा सगळ्यात मोठा आणि सलग तुकडा तुमच्या ताब्यात असतो. त्या तुकड्यात हालचालीला जागा ठेवायची की नाही, हे तुम्ही ठरवता. पुष्कळदा तर त्याचा विचारही न करता ठरवून टाकता. म्हणून मी माझ्या सहकाऱ्यांना मनाचा निश्चय करायला सांगत बसलेली नाही. मागणी तुमच्याकडे आहे.

या विषयातलं सगळ्यात जुनं आणि गाजलेलं संशोधन मला इथे आठवतं, कारण ते मुळात व्यायामाबद्दल नव्हतंच, ते नोकरीबद्दल होतं. डॉक्टर जेरी मॉरिस आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी लंडनच्या दुमजली बसवर काम करणाऱ्या ड्रायव्हर आणि कंडक्टर यांची तुलना केली. १९५३ साली ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात ती प्रसिद्ध झाली. दोघं एकाच बसवर, एकाच शहरात, जवळपास सारख्याच पगारावर. ड्रायव्हर पूर्ण पाळी बसून काढायचा. कंडक्टर तिकिटं देत खालीवर करायचा, दिवसाला शेकडो पायऱ्या चढायचा. हृदयविकाराचं प्रमाण कंडक्टरांमध्ये कमी निघालं. ज्यांना झाला त्यांनाही तो उशिराच्या वयात आणि कमी घातक स्वरूपात झाला. पत्रं वाटणारे पोस्टमन आणि त्याच खात्यातले टेबलावर बसणारे कारकून यांच्यातही असाच फरक दिसला.

मॉरिस प्रामाणिक संशोधक होते. काही वर्षांनी त्यांनी गणवेशांची मापं तपासली, तेव्हा ड्रायव्हरांच्या कमरेचा घेर कंडक्टरांपेक्षा जास्त असल्याचं आढळलं. म्हणजे सगळा फरक पायऱ्यांमुळे पडला असं म्हणता येत नाही. पण त्यानंतरच्या सत्तर वर्षांत जगभरच्या अभ्यासांनी मूळ निष्कर्षाची दिशा पक्की केली आहे. मला त्या कंडक्टरांबद्दल महत्त्वाची वाटते ती गोष्ट वेगळीच आहे. त्यांच्यातल्या कुणाला व्यायामाची आवड होती की नाही, कुणी पहाटे उठत होता की नाही, याने काही बिघडत नव्हतं. पायऱ्या त्यांच्या कामातच होत्या. आणि ड्रायव्हर आळशी होता म्हणून बसून होता असंही नाही. त्याला ती जागा नेमून दिलेली होती.

आज कार्यालयात आपण सगळेच ड्रायव्हरच्या जागेवर आहोत. फाइल घेऊन दुसऱ्या मजल्यावर जावं लागायचं, ते एका क्लिकवर आलं. पलीकडच्या टेबलावर जाऊन विचारायचं ते चॅटवर विचारलं जातं. मीटिंगसाठी एका खोलीतून दुसऱ्या खोलीत जाणं होतं, ते स्क्रीनवरच होऊ लागलं. घरून काम करणाऱ्यांची तर स्थानकापर्यंतची चालही गेली. यातली एकेक सोय चांगलीच होती, आणि त्या परत काढून घ्या असं मी म्हणत नाही. पण प्रत्येक सोयीने कामातली थोडी हालचाल कमी केली आणि वाचलेली ती मिनिटं माणसाला परत मिळाली नाहीत. तिथे आणखी एक मीटिंग आली.

बसून राहिल्याने नेमकं काय होतं, हे थोडक्यात सांगते, कारण ‘बसणं वाईट’ एवढंच ऐकून कुणाला काही पटत नाही. मांड्या, नितंब आणि पोटऱ्या हे शरीरातले सगळ्यात मोठे स्नायू. जेवणानंतर रक्तात आलेली साखर खेचून घेण्याचं मोठं काम स्नायूच करतात, आणि ते आकुंचन पावत असतील तर हे काम जास्त चांगलं होतं. पोटऱ्यांचे स्नायू पायातलं रक्त वर हृदयाकडे ढकलायलाही मदत करतात. माणूस खुर्चीत बसला की हे सगळे जवळजवळ बंद पडतात. पाय सुजणं, जेवणानंतरची सुस्ती, पाठीतला ताठरपणा याचं मूळ बरंचसं इथे आहे. हे तासन्‌तास, आठवड्यातले पाच-सहा दिवस, वीस-तीस वर्षं चाललं की मग डॉक्टरांच्या कागदावर आकडे दिसायला लागतात.

संध्याकाळी जिमला गेलं की हिशेब चुकता होतो का? काही प्रमाणात होतो. २०१६ साली ‘लॅन्सेट’मध्येच दहा लाखांहून अधिक लोकांची माहिती एकत्र करून केलेलं विश्लेषण आलं. रोज ६० ते ७५ मिनिटं मध्यम स्वरूपाचा व्यायाम करणाऱ्यांमध्ये दिवसाला आठ तासांहून जास्त बसण्याशी जोडलेला मृत्यूचा वाढीव धोका जवळपास दिसेनासा झाला होता. ही चांगली बातमी आहे. पण तो आकडा पुन्हा वाचा. रोज तासभर किंवा त्याहून जास्त. आठ-नऊ तास काम, जाण्यायेण्याचा वेळ, घरचं सगळं, आणि त्यानंतर रोज तासभर. हे कुणाला जमेल?

इथे हमखास पहाटे उठण्याचा सल्ला पुढे येतो. मी तो अनेक व्यवस्थापकांच्या तोंडून ऐकला आहे, आणि ते सांगतात ते स्वतः करतातही. त्यांच्या शिस्तीबद्दल मला आदर आहे. पण ज्या घरात लहान मूल आहे, अंथरुणाला खिळलेलं वडीलधारं माणूस आहे, तिथली पहाट आधीच दुसऱ्या कुणाच्या तरी नावावर असते, आणि ती बहुतेक वेळा घरातल्या बाईला द्यावी लागते. ती कामावर येण्याआधी दोन तास उभी राबलेली असते आणि परत गेल्यावर पुन्हा राबणार असते. तिला पहाटे पाचचा गजर लावायला सांगणं म्हणजे झोपेतून तास काढायला सांगणं. प्रौढ माणसाला रात्री किमान सात तास झोप हवी. ती सतत कमी पडली तर रक्तदाब, साखर आणि वजन या तिन्हींवर परिणाम होतो. ज्या आजारांपासून वाचण्यासाठी व्यायाम करायचा, तेच आजार मग दुसऱ्या दाराने आत येतात. पाळीत काम करणाऱ्यांची पहाट तर पहाटच नसते. तेव्हा हा सल्ला द्यायचाच असेल तर समोरच्याच्या घरी काय चाललं आहे हे आधी विचारा.

आता या सगळ्यातली खरोखर आशादायक बाजू. व्यायाम म्हणजे वेगळे कपडे, वेगळी जागा आणि सलग मोठा वेळ, ही समजूत विज्ञानाने मागे टाकली आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०१० च्या शिफारशींमध्ये हालचाल एका वेळी किमान दहा मिनिटांची असावी, अशी अट होती. २०२० मध्ये आलेल्या नव्या शिफारशींत ती अट काढून टाकली. प्रौढांनी आठवड्याला १५० ते ३०० मिनिटं मध्यम किंवा ७५ ते १५० मिनिटं जोमदार हालचाल करावी, किमान दोन दिवस स्नायूंना ताकद देणारे व्यायाम करावेत, आणि बसण्याचा वेळ कमी करावा. हे तुकड्यातुकड्यांत केलेलंही मोजलं जातं. भरभर चाललेली चार मिनिटं चालतात, जिन्याचे तीन मजलेही चालतात.

हे तुकडे किती उपयोगी पडतात यावर चांगलं काम झालं आहे. अमेरिकेतल्या कोलंबिया विद्यापीठात २०२३ साली एक छोटा प्रयोग झाला. माणसं अकराच होती, त्यामुळे त्यावर फार मोठी इमारत उभी करू नये. त्यांना आठ तास खुर्चीत बसवलं आणि अधूनमधून चालायला लावलं. दर अर्ध्या तासाने पाच मिनिटं रमतगमत चालल्यावर जेवणानंतर साखरेची जी उसळी येते ती सलग बसण्याच्या तुलनेत जवळपास ५८ टक्क्यांनी कमी झाली. रक्तदाबही चार-पाच अंकांनी उतरला. दुसरा अभ्यास २०२२ चा, ब्रिटनमधल्या पंचवीस हजारांहून अधिक लोकांचा. हे लोक कुठलाही व्यायाम न करणारे होते, पण त्यांच्या मनगटावर हालचाल मोजणारं उपकरण होतं. ज्यांच्या दिवसात एक-दोन मिनिटांची धाप लावणारी हालचाल साधारण तीनदा घडत होती (जिना पटापट चढणं, बस पकडायला झपाझप जाणं) त्यांच्यात पुढच्या काही वर्षांतलं मृत्यूचं प्रमाण अशी हालचाल अजिबात नसणाऱ्यांपेक्षा ३८ ते ४० टक्क्यांनी कमी होतं. निरीक्षणावर आधारलेल्या अभ्यासातून कारण पक्कं सिद्ध होत नाही, हे मान्य. तरी जिना चढायला सांगण्यासाठी याहून भक्कम पुराव्याची वाट बघावी असं मला वाटत नाही.

मग साधा हिशेब मांडू. आठवड्याला १५० मिनिटं म्हणजे पाच दिवस रोज ३०. आठ तासांच्या दिवसात ४८० मिनिटं असतात. त्यातली ३०, तीही दहा-दहाच्या किंवा पाच-पाचच्या तुकड्यांत, आणि त्यातली निम्मी माणूस स्वतःच्या जेवणाच्या सुट्टीतून घालायला तयार आहे. एवढ्यावर अडलेलं आहे.

कुठे अडलेलं आहे? मी बारकाईने बघत आले आहे, आणि माझ्या मते सगळ्यात मोठा अडथळा मीटिंगा पाठीला पाठ लावून ठेवण्याचा आहे. दहा ते अकरा, अकरा ते बारा, बारा ते साडेबारा. कॅलेंडर तास आणि अर्धा तास याच मापात चालतं, म्हणून मीटिंगही त्याच मापाची होते. चर्चेला तेवढा वेळ लागतो म्हणून नव्हे. मधे उठायला जागाच नसते. पाणी प्यायला आणि स्वच्छतागृहात जायलासुद्धा लोक ‘मी एक मिनिटात येते’ असं चॅटवर लिहून पळतात, नाहीतर तहान मारतात. यावर उपाय अगदी सोपा आहे आणि फुकट आहे. गूगल कॅलेंडर आणि आउटलुक दोन्हींमध्ये मीटिंग आपोआप पाच किंवा दहा मिनिटांनी छोटी करण्याची सेटिंग आहे. अर्ध्या तासाची पंचवीस मिनिटांत, तासाची पन्नास मिनिटांत. तुमच्या माहिती-तंत्रज्ञान विभागाला सांगून ती सगळ्यांसाठी सुरू करा.

यात एक खाचही सांगते, कारण पुष्कळ ठिकाणी ही सेटिंग लावूनही काही फरक पडत नाही. मीटिंग पाच मिनिटं आधी संपवायची ठरवली तर ती संपत नाही. चर्चा उरलेल्या वेळात पसरते, आणि वरिष्ठ बोलत असताना कुणी उठत नाही. त्यापेक्षा सुरुवातच उशिरा ठेवा. मीटिंग दहाला नाही, दहा वाजून पाच मिनिटांनी. आधीची मीटिंग दहाला संपते, ही पाच मिनिटांनी सुरू होते, मधली पाच मिनिटं कुणाच्याच नावावर नसतात. सुरुवात सगळे पाळतात, शेवट कुणी पाळत नाही. दिवसात पाच-सहा मीटिंगा असणाऱ्याला एवढ्यावरच पंचवीस-तीस मिनिटं उभं राहायला, चालायला, एक मजला चढून यायला मिळतात.

दुसरा अडथळा चॅटवरच्या, माणूस जागेवर आहे असं दाखवणाऱ्या हिरव्या ठिपक्याचा. संगणकाला काही मिनिटं हात लागला नाही की तो पिवळा होतो. ‘तो ठिपका आम्ही बघत नाही’ असं तुम्ही म्हणाल, आणि तुमच्यातले बरेच जण खरंच बघत नसतील. पण बघितला जातो अशी भीती खाली सगळीकडे आहे, विशेषतः घरून काम करणाऱ्यांमध्ये आणि नव्याने लागलेल्यांमध्ये. ठिपका पिवळा होऊ नये म्हणून माणसं पाठ दुखत असताना बसून राहतात. फोन घेणाऱ्या केंद्रांमध्ये तर उठण्याचं प्रत्येक मिनिट यंत्रात नोंदलं जातं आणि महिन्याअखेरीस गुणांमधून वजा होतं. तिथल्या व्यवस्थापकांना माझी कळकळीची विनंती आहे, दर तासाची पाच मिनिटं त्या मोजणीतून बाहेर काढा. आणि बाकी सगळ्यांनी हे लेखी सांगा की ठिपक्यावरून कुणाचं काम मोजलं जाणार नाही. तोंडी आश्वासन पुरत नाही. मूल्यमापनाच्या वेळी ते कुणाला आठवत नाही.

जिन्याबद्दलही बोलायला हवं. अनेक इमारतींमध्ये जिना आहे, पण तो वापरण्यासाठी नाहीच. दिवे गेलेले, कोपऱ्यात मोडक्या खुर्च्या आणि खोकी रचलेली, मजल्यावरचं दार आतून उघडतं पण जिन्याच्या बाजूने कार्ड लागत नाही. तो जिना आग लागली तर जीव वाचवण्यासाठी आहे, म्हणून तरी तो मोकळा आणि उजेडाचा असलाच पाहिजे. दिवे लावा, सामान हलवा, ये-जा करण्याच्या मजल्यांवर कार्ड चालू करा. लिफ्टपाशी ताटकळणाऱ्यांपैकी काही जण आपोआप तिकडे वळतील.

उभं राहून काम करायची टेबलं आणावीत का, असं बऱ्याच ठिकाणी विचारतात. आणा, ज्यांना हवीत त्यांना बरं वाटतं, पाठीला बदल मिळतो. पण त्यावर समाधान मानू नका. बसण्याच्या तुलनेत उभं राहिल्याने मिनिटाला सुमारे ०.१५ कॅलरीच जास्त खर्च होतात, म्हणजे तासाला नऊच्या आसपास. आणि तासन्‌तास एका जागी उभं राहण्याचेही पायांना त्रास आहेत. शरीराला हवा असतो तो बदल आणि चालणं.

पावलांच्या स्पर्धांबद्दल माझं मत जरा कडक आहे. कोण किती चाललं याचा तक्ता सगळ्यांसमोर लावणं, पहिल्या तिघांना बक्षीस देणं, आणि बाकी सगळा दिवस मीटिंगांनी भरून ठेवणं, यातून जे आधीच चालतात तेच पुढे येतात. गुडघा दुखणारी, गरोदर असलेली, व्हीलचेअर वापरणारी, आजारातून नुकतीच उठलेली व्यक्ती त्या तक्त्याच्या तळाशी दिसते. कुणाच्या शरीराची माहिती कामाच्या ठिकाणी जमा होणं मला मुळातच पटत नाही. शिवाय ज्या दहा हजारांच्या आकड्याभोवती हे सगळं फिरतं, तो प्रयोगशाळेतून आलेला नाही. १९६५ च्या सुमारास जपानमध्ये पावलं मोजण्याचं एक यंत्र विकायला आलं, त्याच्या नावातच ‘दहा हजार पावलं’ होतं. तिथून तो जगभर पसरला. २०२२ साली पंधरा अभ्यास एकत्र करून पाहिलं तेव्हा साठीच्या आतल्या लोकांना आठ ते दहा हजारांपर्यंत आणि साठीपुढच्यांना सहा ते आठ हजारांपर्यंत फायदा वाढत गेला, पुढे तो स्थिरावला. आज अडीच हजारांवर असलेला माणूस चार हजारांवर गेला तर त्याला मोठा लाभ आहे. तक्त्यात मात्र तो हरलेलाच दिसेल.

जपानचाच आणखी एक दाखला मला विचार करण्यासारखा वाटतो. तिथे १९२८ पासून रेडिओवरून व्यायामाचा कार्यक्रम प्रसारित होत आला, युद्धानंतर काही वर्षं खंड पडला, पण १९५१ पासून तो पुन्हा नव्या रूपात सुरू झाला. साधारण तीन मिनिटांच्या त्या हालचाली कित्येक कारखान्यांत आणि कार्यालयांत कामाच्या सुरुवातीला सगळे मिळून करतात. साहेबही करतो, शिपाईही करतो, कुणाला एकट्याने उठून वेगळं दिसावं लागत नाही. यातला ‘सगळे मिळून’ हा भाग घेण्यासारखा आहे. सक्ती मात्र घेऊ नका. कुणाच्या शरीराला काय झेपतं हे त्यालाच माहीत असतं, आणि ते जाहीर करायला लावू नये.

यावर तुमचा खरा आक्षेप मला ठाऊक आहे: कामाचं काय? मी तो उडवून लावत नाही, कारण मुदती तुमच्याही डोक्यावर असतात. तीस मिनिटांनी काम अजिबात कमी होणार नाही असा दावा मी करणार नाही. पण सलग सहा तास बसलेला माणूस शेवटच्या दोन तासांत काय दर्जाचं काम करतो, हे तुम्ही रोज पाहता. २०१४ साली स्टॅनफर्ड विद्यापीठातल्या संशोधकांना चालताना लोकांना नव्या कल्पना बसलेल्यापेक्षा सरासरी ६० टक्के जास्त सुचतात असं आढळलं. एकच अचूक उत्तर शोधायच्या कामात तसा फायदा दिसला नाही. म्हणजे आकडेमोड चालत करू नका, पण दोघांनी मिळून काही ठरवायचं असेल, नव्या माणसाला समजावायचं असेल, कुणाची अडचण ऐकायची असेल, तर त्या मीटिंगला खोली कशाला हवी? चालत बोला. माणसं शेजारी शेजारी चालताना बोलतातही मोकळेपणाने.

आणि जास्त तासांचंही बोलू. जागतिक आरोग्य संघटना आणि आंतरराष्ट्रीय कामगार संघटना यांनी २०२१ साली मिळून प्रसिद्ध केलेल्या अभ्यासानुसार आठवड्याला ५५ किंवा त्याहून जास्त तास काम करणाऱ्यांना ३५ ते ४० तास काम करणाऱ्यांच्या तुलनेत पक्षाघाताचा धोका ३५ टक्के आणि हृदयविकाराने मृत्यूचा धोका १७ टक्के जास्त असतो. एखाद्या विभागात बारा तास बसणं हीच रीत पडली असेल तर तिथे कितीही व्यायामाचे तास ठेवले तरी उपयोग नाही. तिथे आधी माणसं वाढवा किंवा काम कमी करा.

आमच्या बाजूने आम्ही काय करायचं, हेही लिहायला हवं. फोन आला की उठायचं आणि बोलून होईपर्यंत चालायचं. छापलेला कागद, पाण्याची बाटली, कचऱ्याची टोपली हाताच्या अंतरावर ठेवायची नाही. दोन-तीन मजल्यांसाठी जिना. जेवणानंतर लगेच खुर्चीत न बसता दहा मिनिटं फेरी. आठवड्यातून दोनदा ताकदीचे व्यायाम, ज्यांना उपकरणं लागत नाहीत: खुर्चीवरून हात न टेकता उठणं-बसणं, भिंतीला हात टेकून दंड, टाचा उचलून पंजांवर उभं राहणं. चाळिशीपुढे हे टाळू नये, कारण स्नायू वयाबरोबर झिजतात आणि नुसत्या चालण्याने ते भरून निघत नाहीत. ज्यांना शनिवार-रविवारीच वेळ मिळतो त्यांनीही मन लहान करू नये. आठवड्याची १५० मिनिटं दोन दिवसांत पूर्ण करणाऱ्यांनाही हृदयाच्या बाबतीत जवळपास तेवढाच फायदा होतो, असं मोठ्या अभ्यासांत दिसलं आहे. हृदयविकार, मधुमेहाची औषधं किंवा सांध्यांचं दुखणं असेल तर डॉक्टरांना विचारून सुरुवात करावी. हे सगळं आम्ही करू. उठलो तर कुणी वळून बघणार नाही, एवढी खात्री तुम्ही द्या.

ती खात्री परिपत्रकाने येत नाही, आणि हे तुम्हाला उद्देशून मला सगळ्यात आग्रहाने सांगायचं आहे. विभागातला सगळ्यात वरचा माणूस जे करतो तेच खाली चालतं. तुम्ही जेवण टेबलावरच करत असाल, तर बाकीचे फिरायला जाणार नाहीत, कितीही सांगा. तुम्ही दुपारी पंधरा मिनिटं चालून आलात आणि ते कॅलेंडरवर लपवून न ठेवता ‘चालायला गेले आहे’ असं लिहिलंत, तर आठवड्याभरात आणखी चार जण उठतील. माझ्या ओळखीच्या एका विभागप्रमुख बाई मीटिंगमध्ये स्वतःच उभ्या राहतात आणि ‘ज्यांना पाठ मोकळी करायची त्यांनी उभं राहा’ म्हणतात. त्यांच्या विभागात उभं राहून ऐकणाऱ्याकडे कुणी बघतही नाही.

जागतिक आरोग्य संघटनेने २०२४ मध्ये दिलेल्या आकडेवारीप्रमाणे जगातले ३१ टक्के प्रौढ, म्हणजे सुमारे १८० कोटी माणसं, शिफारस केलेली किमान हालचालसुद्धा करत नाहीत. हा आकडा एवढा मोठा आहे की त्याच्यापुढे माणूस हतबल होतो. तुमच्या हाताखाली मात्र आठ, वीस किंवा दोनशे माणसं असतील. तेवढ्यांचं तुम्ही बघू शकता.

या पत्राला उत्तर म्हणून मला आरोग्य सप्ताहाची घोषणा नको आहे. पुढच्या आठवड्याचं कॅलेंडर उघडा. तुम्ही बोलावलेल्या मीटिंगांची सुरुवात पाच मिनिटांनी पुढे करा, जेवणाच्या वेळेवर ठेवलेली मीटिंग हलवा, दोघांच्या मीटिंगा चालत करायच्या ठरवा, आणि इमारतीची देखभाल करणाऱ्यांना जिन्याच्या दिव्यांबद्दल विचारा. यातलं जे जमणार नाही, ते का जमत नाही हे तुमच्या लोकांना मोकळेपणाने सांगा. त्यांच्याकडे कदाचित उपाय असेल.

कळावे, लोभ असावा.

आपली नम्र,
बैठं काम करणारी एक कर्मचारी